व्हीसी लावली, पण पलीकडे कोण आहे?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, तळेगाव... आपले बरेचसे श्रोते याच पट्ट्यातले. काही जण शिक्षक आहेत, काही कंपनीत आहेत, आणि बरेच जण हा भाग चाकणच्या चौकात गाडी अडकलेली असताना ऐकत असतील. तेव्हा वेळ आहे तुमच्याकडे. निवांत ऐका.

आजचा विषय आहे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, म्हणजे आपल्या भाषेत 'व्हीसी'. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शिक्षकाला 'उद्या व्हीसी आहे' असं सांगा, चेहरा बघा कसा होतो. कारण त्याच्या अनुभवात व्हीसी म्हणजे वरून कुणीतरी परिपत्रक वाचून दाखवणार, खाली शेकडो लोक म्यूटवर बसणार, चॅटमध्ये नाव आणि शाळा टाकून हजेरी लावणार, आणि शेवटी 'काही शंका?' असं विचारेपर्यंत वेळ संपलेली असणार. हे साधन आपल्याकडे आलंच मुळात प्रशासनाच्या दारातून. मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांशी बोलायला. त्यामुळे त्याची सवयही तशीच लागली. वरचा बोलणार, खालचा ऐकणार.

मला आज म्हणायचंय ते इतकंच, की हेच यंत्र शाळा-शाळांना आणि शिक्षका-शिक्षकांना आडवं जोडण्यासाठी वापरता येतं. तसं झालंही आहे. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तर आपल्या अगदी शेजारी आहे. पण तिथे जाण्याआधी थोडं मागे जाऊ.

२० सप्टेंबर २००४. श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' सुटला. फक्त शिक्षणासाठी सोडलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या आधी जी चाचणी झाली, त्यात निवडलेल्या मोजक्या विद्यापीठांत आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होतं. कल्पना उत्तम होती. एका स्टुडिओत तज्ज्ञ शिकवणार आणि दूरदूरच्या केंद्रांवर मुलं बघणार. पण केंद्रं दोन प्रकारची होती. एकावरून उलटा प्रश्न विचारता यायचा. दुसऱ्यावर नुसतं बघता यायचं. आणि जिथे प्रश्न विचारता यायचा तिथेही एक अडचण होतीच. असा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. आवाज वर जाणार, खाली येणार, म्हणजे एका बाजूलाच जवळजवळ पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर धरलं तर अर्धा सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फोनवर बोलताना अर्धा सेकंद उशीर झाला की दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघं एकदम गप्प बसतात. वर्गात तर कुणी विचारायलाच जात नाही. म्हणून संवादासाठी केलेली सोय हळूहळू भाषणाची झाली. २०१०च्या सप्टेंबरात एज्युसॅटचं आयुष्य संपलं.

करोनात काय झालं ते तुम्हा सगळ्यांना आठवतंय. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं आणि ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना त्याचा आधार झाला. झूमवर वर्ग भरले. पण पिंपरी-चिंचवडमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं आणि एकच मोबाईल, तोही सकाळी वडलांबरोबर कंपनीत जाणारा, अशी कितीतरी घरं होती. खेडच्या पश्चिमेला, वाड्याच्या पुढे भोरगिरीकडे, रेंज शोधत मुलं टेकाडावर जायची. त्या दिवसांनी आपल्या मनावर एक शिक्का मारून ठेवला, की ऑनलाइन म्हणजे नाइलाज. तो शिक्का चुकीचा नाही. मुलाला शाळेऐवजी मोबाईल देणं हा नाइलाजच होता.

पण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. घरात एकट्या बसलेल्या मुलाला पडद्याला जोडणं वेगळं, आणि शिक्षक हजर असलेला, मुलांनी भरलेला एक वर्ग तशाच दुसऱ्या वर्गाला जोडणं वेगळं. आज मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

या दुसऱ्या प्रकारातलं महाराष्ट्रातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे ते जास्त गाजले. पण त्यांचं दुसरं काम व्हिडिओ कॉलचं होतं. स्काइपवरून ते दूरदेशींच्या वर्गांना प्रयोग दाखवायचे, सहल घडवायचे. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचा उपक्रमही त्यांनी चालवला. माढ्याच्या वाडीवरचा शिक्षक जगाला शिकवतोय, ही दिशा लक्षात घ्या. आपण नेहमी धरून चालतो की ज्ञान तिकडून इकडे येणार.

तिकडून इकडे येण्याचाही एक चांगला नमुना आहे. सातारा जिल्ह्यात फलटणला. सुगाता मित्रा यांना २०१३ साली टेड पुरस्कार मिळाला. त्यातून 'स्कूल इन द क्लाउड' नावाच्या सात प्रयोगशाळा झाल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. भारतातल्या पाचांपैकी एक फलटणची, प्रगत शिक्षण संस्थेत. तिथे परदेशातल्या स्वयंसेवक, त्यातल्या बऱ्याच निवृत्त शिक्षिका, व्हिडिओ कॉलवरून मुलांशी गप्पा मारायच्या, गोष्टी वाचायच्या. लोक त्यांना लाडानं 'ग्रॅनी' म्हणायचे, म्हणजे आजी. मला यातलं मोलाचं हे वाटतं की ती आजी शिकवत नसे. ती विचारायची, 'अरे वा, हे कसं केलंस? मला दाखव ना.' बस, एवढंच. ज्या मुलाला इंग्रजी बोलायची भीती वाटते, त्याला चुका न काढणारं माणूस समोर मिळालं.

आता आपल्या शेजारी येऊ. राजगुरुनगरहून पूर्वेला निघालात की पाबळ लागतं. शिरूर तालुका, पाण्याची कायम ओढ असलेलं गाव. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग म्हणजे अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल हातानं काम करतं तेव्हा शिकतं. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग करावं, विटा रचाव्यात, वायरिंग करावं, रोपं लावावीत, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असावं. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शाळांमधला अभ्यासक्रम त्यातूनच आला.

याच पाबळमध्ये २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. फॅब लॅब म्हणजे छोटं वर्कशॉप. लेझर कटर, छोटी मिलिंग मशीन, इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल. चाकणच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. जगभर अशा लॅब वाढत गेल्या तशा त्या व्हिडिओ कॉन्फरन्सनं एकमेकींशी जोडल्या गेल्या. २००९ पासून 'फॅब अकॅडमी' नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पाबळमधूनही मुलांनी तो केला.

तो चालतो कसा ते नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. जानेवारीपासून साधारण जूनपर्यंत, आठवड्यातून एकदा सगळ्या लॅब एकाच वेळी जोडल्या जातात. बोस्टनला सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ. आधी मागच्या आठवड्याच्या कामाचा आढावा होतो. कुठल्याही देशातल्या कुठल्याही मुलाचं नाव निघतं आणि त्यानं सगळ्यांसमोर आपलं काम दाखवायचं, काय बिघडलं तेही सांगायचं. मग नव्या आठवड्याचा विषय. त्यानंतर कॉल बंद. बाकीचा आठवडा प्रत्येकानं आपापल्या लॅबमध्ये, आपल्या जागेवरच्या मार्गदर्शकाबरोबर, हातानं काम करायचं आणि केलेलं सगळं लिहून ठेवायचं.

बघा, आठवड्यातले काही तास पडदा आणि बाकी सगळे दिवस हातात काम. पडद्यापलीकडे मोठा प्राध्यापक आहे म्हणून इथला शिक्षक कमी केलेला नाही, उलट त्याच्याशिवाय हे चालतच नाही. आणि आज आपलं नाव निघू शकतं, हे प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे कुणी म्यूट करून चहाला जात नाही.

मग प्रश्न असा, की हे आपल्या खेड तालुक्यात, आपल्या महापालिकेच्या शाळांत का होऊ नये?

आपल्याकडची परिस्थिती मोठी विचित्र आहे. एकाच खेड तालुक्याच्या एका टोकाला चाकणची एमआयडीसी, दुसऱ्या टोकाला भीमाशंकरचं जंगल. चाकणच्या बाजूच्या शाळेत वर्ग ओसंडून वाहतोय. मुलं बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची, मराठवाड्याची. जूनमध्ये आलेलं मूल दिवाळीनंतर असेल याची खात्री नाही. पश्चिमेला गेलात तर पट कमी. आरटीईच्या नियमानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोघांनी मिळून चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. एक जण रजेवर गेला किंवा त्याला दुसऱ्या ड्यूटीवर लावलं, की सगळी शाळा एकट्यावर. हा शिक्षक दिवसभर दुसऱ्या मोठ्या माणसाशी आपल्या कामाबद्दल एक वाक्य बोलू शकत नाही. या एकटेपणाची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद होते, ती चांगलीच गोष्ट आहे. पण गणितात अडलेलं मूल महिनाभर थांबत नाही. आणि प्रशिक्षणाला राजगुरुनगरला किंवा पुण्याला जायचं म्हणजे शाळेचा एक दिवस जातो, शिवाय नाशिक रस्त्यावरचे हाल.

आता, इथे एक धोका आहे आणि तो मोकळेपणानं बोलायला हवा. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विषय निघाला. आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण त्यासाठी दिलं गेलं. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त. यावर मतं वेगवेगळी आहेत. पण उद्या कुणी म्हणालं, 'मोठा पडदा लावून देतो, तज्ज्ञ शिक्षक पुण्यातून शिकवेल, मग दुसरा शिक्षक कशाला?' तर काय? म्हणून पहिल्या दिवसापासून एक अट स्पष्ट हवी. व्हीसी शिक्षकाच्या जोडीला येईल, जागेवर नाही. पाबळचा धडा हाच आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचं बोट धरून अक्षर गिरवून घेणारा माणूस खोलीतच लागतो.

ही अट मान्य केली तर पुढचं सोपं आहे. मी काही गोष्टी सुचवतो.

पहिली, सुरुवात शिक्षकांपासून करा. चाकणच्या बाजूच्या चार आणि पश्चिमेच्या चार, अशा आठ शाळांचा गट. आठवड्यातला एक दिवस, शाळा सुटल्यावर फक्त अर्धा तास. एकच नियम, प्रत्येक वेळी एका शिक्षकानं आपल्या वर्गातल्या दोन-तीन वह्या दाखवायच्या आणि सांगायचं, 'हा मुलगा हातच्याची वजाबाकी इथे चुकतोय, मी असं केलं, तरी जमत नाहीये. तुम्ही काय कराल?' परिपत्रक वाचायचं नाही. साहेबांना बोलवायचं तर त्यांनीही ऐकायला यावं. बारक्या शाळेतल्या बाईंना बहुवर्ग अध्यापनाचा जो हात बसलेला असतो, तो मोठ्या शाळेतल्या शिक्षकाकडे नसतो. आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या पन्नास मुलांना मराठी कशी शिकवायची, हे चाकणच्या बाईंना रोजच्या सरावानं कळलेलं असतं. ठाकर किंवा महादेव कोळी वस्तीवरच्या शिक्षकाला तेच हवं असतं. दोघांकडे देण्यासारखं आहे.

दुसरी, मुलांना जोडायचं असेल तर गप्पांसाठी नाही, कामासाठी जोडा. नुसतं 'हॅलो, तुमचं नाव काय' दहा मिनिटांत संपतं. काम कुठलं? आपल्याकडे नदी आहे ना! भीमा उगवते भीमाशंकरला, भोरगिरीवरून, चासकमानच्या धरणातून, राजगुरुनगरवरून पुढे येते. इंद्रायणी येते लोणावळ्याकडून देहू, आळंदीवरून. दोघी भेटतात तुळापूरला. या काठांवरच्या शाळांनी ठरावीक वारी पाण्याचा एक पेला भरून बघायचा. रंग, वास, गाळ, तापमान, काठावर काय दिसलं. महिन्यातून एकदा व्हीसीवर सगळ्यांनी आपापला पेला कॅमेऱ्यासमोर धरायचा. भोरगिरीचा पेला आणि आळंदीचा पेला शेजारी-शेजारी दिसले की मुलांना जे प्रश्न पडतील, ते कुठल्या पाठ्यपुस्तकातून पडणार नाहीत. फक्त पाणी काढायला शिक्षकांनी बरोबर जायचं, मुलांना एकटं पाठवायचं नाही.

तिसरी गोष्ट कंपन्यांसाठी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपल्या पट्ट्यात त्यातून शाळांना पडदे, टॅब, प्रोजेक्टर येतात. फीत कापली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या वर्षी इंटरनेटचं बिल कोण भरणार? विजेचं बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळा आपण पाहिल्यात. तर सीएसआरवाल्या मित्रांनो, वस्तू एक कमी द्या, पण तीन वर्षांचं इंटरनेट आणि दुरुस्तीचा माणूस द्या. आणि तुमच्या इंजिनिअरचा महिन्याला एक तास द्या.

त्या एका तासात काय होईल? चाकणच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवतात, आया पॅकिंगला जातात. पण आपले आईबाप दिवसभर नेमकं काय करतात हे त्या मुलांनी कधीच पाहिलेलं नाही. शॉप फ्लोअरवर लहान मुलांना नेता येत नाही. गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही स्टिकर लावतात, ते मला माहीत आहे. मग लाइन दाखवू नका. ट्रेनिंग सेंटर दाखवा, नाहीतर आयटीआयचं वर्कशॉप दाखवा. लेथवर छिलका कसा निघतो, व्हर्नियरनं कसं मोजतात. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, हे त्या दिवशी एका मिनिटात कळेल. आणि आपल्या बापाच्या हातात एवढी विद्या आहे, हेही कळेल.

चौथी, थोडं तांत्रिक. भपक्याच्या मागे लागू नका, आवाज आधी सांभाळा. चित्र अडखळलं तर मुलं समजून घेतात, आवाज तुटला की वर्ग सुटतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तर मागच्या भिंतीला सतरंजी टांगा. पन्नास मुलांपुढे एक मोबाईल धरून काही होत नाही. टीव्ही, बाहेरचा स्पीकर आणि हातात फिरवता येणारा माइक एवढं लागतंच. डेटाचा हिशोब करा. सेकंदाला एक मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो, तेवढंच उलट्या बाजूनं. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन तासही निघत नाहीत. नुसता आवाज मात्र शंभर किलोबिटला तासाला ४५ एमबीत भागतो. म्हणून रेंज कमी असेल तिथे वह्यांचे फोटो आधी पाठवायचे आणि कॉल आवाजावर घ्यायचा. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल तर तिथून शाळेपर्यंतची शेवटची वायर ओढायचा ठराव ग्रामसभेत घ्या. आणि एकाच ॲपवर जीव टाकू नका. ज्या स्काइपवर डिसले गुरुजींनी जग जोडलं, ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. माणसं जोडलेली असली की ॲप बदलता येतं.

पाचवी आणि शेवटची. मुलांचे चेहरे रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचे नाहीत. पालकांना आधी विचारायचं, त्यांना समजेल अशा भाषेत. पाहुणा कितीही मोठा असो, वर्गशिक्षक खोलीत असल्याशिवाय कॉल सुरू करायचा नाही.

मंडळी, या सगळ्याला मोठी योजना लागत नाही, जीआरही लागत नाही. आठ शिक्षक, अर्धा तास आणि तीन वह्या लागतात. तुमच्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एवढंच विचारून बघा, 'कोण कोण येतंय?' चार हात वर आले तरी पुरे. सहा महिने न चुकता चालवा. मग तालुक्याला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल, आणि कुणी पडद्याच्या बदल्यात शिक्षक काढायला आलं, तर उत्तरही असेल.

तुमच्या शाळेत असं काही चालू असेल तर आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात त्याबद्दल बोलू. आणि चौकातला सिग्नल सुटला असेल, तर जपून चालवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.